मुख्याध्यापकाविना शाळा

जून महिना उजाडला की गोमंतकातील वाड्यावाड्यांवरच्या सरकारी प्राथमिक शाळांची कवाडे पुन्हा उघडतात, आणि त्याच सुमारास यंदा कोणत्या शाळा उघडणार नाहीत याचीही कुजबुज सुरू होते. पटावर मुले किती उरली, शिक्षक किती, आणि शेजारची शाळा किती अंतरावर, एवढ्या तीन आकड्यांवर शाळेचे भवितव्य ठरू लागले आहे. एकशिक्षकी शाळा जवळच्या शाळांत विलीन करण्याचा विचार शासनाने २०२२ साली बोलून दाखविला, तेव्हा ठिकठिकाणांहून विरोधाचे सूर उमटले आणि विषय तेवढ्यापुरता मागे पडला. परंतु मागे पडलेला विषय सुटलेला असतोच असे नाही. पट घटत आहे, आणि पट घटला की हीच चर्चा पुनःपुन्हा डोके वर काढणार आहे. ह्या सर्व वादात शासनाकडून, पालकांकडून वा आम्हां भाषाभिमान्यांकडून एक साधा प्रश्न मात्र विचारला जात नाही. तो असा की, बंद पडू घातलेल्या ह्या शाळेला कोणी मुख्याध्यापक होता काय?

मुख्याध्यापक म्हणजे केवळ हजेरीपटाच्या तळाशी सही करणारा कर्मचारी नव्हे. शाळेत काय शिकविले जात आहे व मुलांना त्यातले काय उमगते आहे याचा विचार जो वर्षभर वाहतो. नव्या शिक्षकाला जो हाताशी धरून घडवितो. गावातील पालकांशी ज्याचे बोलणेचालणे असते. आणि वरून आलेल्या परिपत्रकांपैकी कोणते मुलांच्या हिताचे व कोणते केवळ कागदाच्या हिताचे हे ज्याला समजते, तो मुख्याध्यापक. अशी व्यक्ती असली म्हणजे गळक्या कौलांखालचीही शाळा उभी राहते. ती नसली म्हणजे संगणक आणि रंगीत भिंती असूनही शाळा निर्जीव राहते, हा अनुभव जगात सर्वत्र सारखाच आहे.

गोव्यातील सार्वजनिक शाळेला एक इतिहास आहे व तो विसरून पुढील विचार करता येणार नाही. पोर्तुगीज अमदानीत बहुजनांच्या मुलांसाठी राज्यकर्त्यांच्या शाळा जवळजवळ नव्हत्याच. देवळाच्या अग्रशाळेत किंवा एखाद्या घराच्या सोप्यावर शेणैमाम मुळाक्षरे व पाढे शिकवीत. तीच गोमंतकीय हिंदू मुलांची शाळा. १९०८ साली पणजीत मुष्टिफंड संस्था उभी राहिली. तिच्या नावातच घरोघरच्या मूठभर तांदळाचा उल्लेख आहे, आणि ज्या समाजाने शाळेसाठी आपल्या शितातला वाटा काढून ठेवला त्याची शिक्षणाची भूक केवढी असेल, हे त्या एका शब्दावरून कळावे. १९६१ साली गोवा मुक्त झाला, १९६३ च्या डिसेंबरात भाऊसाहेब बांदोडकरांचे लोकनियुक्त सरकार आले, आणि पुढील दशकात गावोगावी प्राथमिक शाळा निघाल्या. जेथे इमारत नव्हती तेथे मंडप, देऊळ, कोणाचे रिकामे घर वापरले गेले. शेजारच्या महाराष्ट्रातून शिक्षक आले व येथलेच झाले. २०११ च्या जनगणनेत गोव्याची साक्षरता ८८.७ टक्के नोंदली गेली, तिचा पाया ह्या शाळांनी घातला. स्वातंत्र्याने सामान्य गोमंतकीयाच्या दारात आणून ठेवलेली पहिली वस्तू कोणती असेल, तर ती ही शाळा होय.

मात्र शाळा उघडणे आणि शाळा चालविणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्या कामाला उत्साह पुरतो. दुसऱ्यासाठी व्यवस्था लागते. ती व्यवस्था उभारण्याची वेळ आली तेव्हा आपण सारे माध्यमाच्या लढाईत गुंतलो होतो. १९९० साली शिक्षणमंत्री असलेल्या शशिकलाताई काकोडकर यांच्या पुढाकाराने, प्रादेशिक भाषांतून शिकविणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे धोरण स्वीकारले गेले. २०११ साली तत्कालीन सरकारने ते बदलून इंग्रजी माध्यमाच्या शाळांनाही अनुदानाचे दार उघडले. त्यावरून आंदोलन पेटले, २०१२ साली सत्तांतर झाले, तरी अनुदान थांबले नाही. बालकाचे प्राथमिक शिक्षण त्याच्या भाषेतूनच झाले पाहिजे, हे आमचे मत आजही तसूभर ढळलेले नाही, आणि २०११ चा निर्णय आम्ही अनिष्टच मानतो. परंतु तत्त्व खरे असले म्हणून त्या तत्त्वावर चालणारी शाळा आपोआप चांगली ठरत नाही, हेही स्वतःशी स्पष्टपणे म्हणण्याची वेळ आता आली आहे.

कारण कायद्याच्या जोरावर मुले आपल्या शाळेत आणण्याचा मार्ग आता उरलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०१४ मध्ये कर्नाटकाच्या प्रकरणात, मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण देण्याची सक्ती राज्याला करता येणार नाही, असा निर्वाळा दिला. तेव्हा पालकांनी मराठी किंवा कोंकणी शाळा निवडावी असे वाटत असेल, तर ती निवडण्याजोगी असली पाहिजे. सत्तरी वा सांगे तालुक्यातील एखादा कष्टकरी बाप आपल्या मुलीला दूरच्या शाळेत धाडतो, तेव्हा त्याने मातृभाषेचा द्रोह केला असे म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात तो एवढेच पाहतो की, वाड्यावरच्या शाळेत एकच बाई आहेत, त्या महिन्यातून कित्येक दिवस सभांना आणि निवडणुकीच्या कामाला जातात, आणि त्या गेल्या की शाळेला कुलूप लागते. त्याचा हिशेब भाषेचा नसून भरवशाचा आहे.

त्या एकट्या बाईंचा दिवस कसा जातो हे ज्यांनी जवळून पाहिले नाही त्यांनी एकदा पाहावे. पहिली ते चौथी ह्या चार इयत्ता एकाच खोलीत. पहिलीचे मूल अक्षर गिरवीत असते त्या वेळी चौथीचे मूल भागाकारात अडलेले असते. मध्येच महिला स्वयंसहाय्य गटाकडून माध्यान्ह आहार येतो. तो चाखून, मोजून, नोंदवून वाढावा लागतो. मग भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून माहिती मागविणारा दूरध्वनी येतो, ती माहिती संगणकावर भरावयाची असते, आणि तीच गेल्या महिन्यात दुसऱ्या नमुन्यात भरलेली असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामास लावण्यास मनाई केली आहे. परंतु कागद भरण्याच्या कामाला 'शैक्षणिक' हे विशेषण लावले की कलमातून सुटका होते, ही युक्ती आपल्या कार्यालयांना चांगली अवगत झाली आहे.

ह्याच कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकसंख्येची जी कोष्टके आहेत ती डोळ्यांखालून घालण्याजोगी आहेत. पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक हवेत, असे ती सांगतात. म्हणजे एकशिक्षकी शाळा ही मुळातच कायद्याच्या निकषाबाहेरची वस्तू आहे, आणि ती पालकांनी निर्माण केलेली नाही. आधी एक शिक्षक कमी झाला, त्यामुळे पालकांचा विश्वास उडाला, त्यामुळे पट घसरला, आणि आता पट घसरला म्हणून शाळा बंद करावयाची, असे हे चक्र आहे. जे निदान रोग्याच्या माथी मारले जात आहे त्याचे कारण वैद्याच्या औषधात आहे. ह्या कोष्टकात दुसरीही एक ओळ आहे: पटसंख्या दीडशेच्या वर गेली तरच प्राथमिक शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक. लोकांचे कल्याण चिंतणाऱ्या ह्या कायद्याने असे गृहीत धरले आहे की, नेतृत्वाची गरज मोठ्या शाळेला असते, लहानीला नसते. गोव्याच्या ग्रामीण भागातील किती सरकारी प्राथमिक शाळांत दीडशे मुले असतील? अर्थात आपल्या बहुतेक खेडेगावांतील शाळा कायद्यानेच मुख्याध्यापकाविना राहिल्या आहेत. जो शिक्षक ज्येष्ठ, त्याच्या हाती किल्ल्या आणि शिक्का, एवढाच काय तो त्यांचा मुख्याध्यापक.

ही व्यथा एकट्या गोव्याची नाही. २०१६-१७ च्या शासकीय आकडेवारीनुसार देशातील सुमारे २८ टक्के सरकारी प्राथमिक शाळांत तीसपेक्षा कमी मुले होती, आणि एकशिक्षकी शाळांची संख्या १,०८,०१७ होती. महाराष्ट्रात २०२३ साली पानशेत व तोरणमाळच्या धर्तीवर समूह शाळा काढून कमी पटाच्या शाळा त्यांत समाविष्ट करण्याचा प्रस्ताव पुढे आला व त्यावर वादळ उठले. म्हणजे सर्वत्र उपाय सुचतो तो एकच, आणि तो म्हणजे मुलांना उचलून दुसरीकडे नेणे. केंद्राच्या नमुना नियमांनी प्राथमिक शाळेसाठी एक किलोमीटरचे अंतर धरले आहे. काणकोणच्या डोंगराळ भागात पावसाळ्यात ते एक किलोमीटर म्हणजे काय, हे पर्वरीच्या सचिवालयात बसून कळणे कठीण. वाहन देऊ, असे सांगितले जाते. परंतु सहा वर्षांच्या मुलीची शाळा वाहनावर अवलंबून राहिली की ज्या दिवशी वाहन नाही त्या दिवशी शाळाही नाही.

दुसरा उपाय मात्र नवा नाही. तो साठ वर्षांचा जुना आहे. डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ साली आपला अहवाल दिला. त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. स्वातंत्र्यलढ्यातून आलेल्या ह्या माणसाने गारगोटीच्या मौनी विद्यापीठात ग्रामीण शिक्षणाचे प्रयोग केले होते, आणि एकशिक्षकी शाळेवर स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. लहान शाळा ही त्यांच्या लेखी लाजेची बाब नव्हती. देशाच्या भूगोलातून आलेली ती वस्तुस्थिती होती. आयोगाने सुचविले ते शाळासंकुल. एका माध्यमिक शाळेभोवती परिसरातील प्राथमिक शाळांनी एकत्र यावे. ग्रंथ, प्रयोगसाहित्य, विशेष विषयांचे शिक्षक यांचा सामायिक वापर करावा. आणि संकुलाला आपापसांत ठरवून काम करण्याचे स्वातंत्र्य असावे. विलीनीकरणात मुले प्रवास करतात आणि वाड्यावरची शाळा मिटते. संकुलात शिक्षक व साधने प्रवास करतात आणि शाळा जागच्या जागी राहते. ५४ वर्षांनी, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हीच शिफारस पुन्हा केली आहे, आणि कोठारी आयोगाची सूचना अंमलात आलीच नाही अशी कबुलीही दिली आहे.

ती का आली नाही? ह्या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय पुन्हा संकुले काढणे म्हणजे जुन्या घराला नवी पाटी लावणे होय. महाराष्ट्रात १९९० च्या दशकात केंद्रशाळा व केंद्रप्रमुख अशी योजना झाली. कल्पना उत्तम होती. परंतु केंद्रप्रमुखाला जबाबदारी मिळाली, अधिकार मिळाले नाहीत. पदे वर्षानुवर्षे रिक्त राहिली. आणि जो शिक्षकांचा सल्लागार व्हावयाचा, तो खालून वर माहिती आणि वरून खाली परिपत्रके पोहोचविणारा टपालवाला झाला. आपल्याकडेही समग्र शिक्षा योजनेतील साधनव्यक्तींना कंत्राटावर ठेवून आपण त्यांच्याकडून स्थिर कामाची अपेक्षा करतो. स्वतःच्याच पायांखालची जमीन निश्चित नसलेला माणूस दुसऱ्याला कसला आधार देणार?

याउलट जेथे काही घडले तेथील कथा एकसारखीच आहे. आंध्र प्रदेशात मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅली संस्थेने परिसरातील छोट्या खेड्यांत एकखोली शाळा काढल्या. तेथे इयत्तांच्या भिंतीच काढून टाकल्या. प्रत्येक मूल पायरीपायरीने मांडलेल्या कार्डांच्या साहाय्याने आपल्या गतीने पुढे सरकते. ती पद्धती पाहून २००३ साली चेन्नई महापालिकेच्या शाळांत व पुढे संपूर्ण तमिळनाडूत कृतिशिक्षण आले. कोलंबिया देशात १९७० च्या दशकात व्हिकी कोल्बर्ट आणि ऑस्कर मोगोयोन यांनी डोंगराळ भागातील बहुवर्गीय शाळांसाठी 'नवी शाळा' ही चळवळ उभारली. मोगोयोन स्वतः खेड्यातील शिक्षक होता. लॅटिन अमेरिकेतील शाळांच्या युनेस्कोने केलेल्या १९९८ च्या तुलनात्मक पाहणीत, महानगरे वगळता, कोलंबियाच्या ग्रामीण शाळांतील मुले शहरातील मुलांहून सरस आढळली. जवळचे उदाहरण हवे असेल तर सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटचे आहे. शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे व त्यांच्या शिक्षकांनी जिल्हा परिषदेच्या साध्या शाळांत ज्ञानरचनावादी अध्यापन रुजविले, आणि राज्यभरचे शिक्षक ते पाहण्यास लोटले. तेथे भराडे यांनी तपासनीस म्हणून शेरे लिहिले नाहीत. शिक्षकांबरोबर बसून काम केले.

ह्या उदाहरणांतून दोन गोष्टी घ्याव्यात. चार इयत्ता एका खोलीत असणे हा शाप नाही; त्यासाठी घडविलेली अध्यापनपद्धती शिक्षकाच्या हाती न देणे हा शाप आहे. दुसरी गोष्ट अशी की, सुधारणा जेथे माणसांच्या परस्परसंपर्कातून पसरते तेथे ती टिकते. हुकुमाने एका रात्रीत सर्वत्र लादली की तिचे कर्मकांड होते. कोलंबियातही विस्तार अति वेगाने झाला तेव्हा गुणवत्ता घसरली, असाच अनुभव आला. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला व त्यांनी अर्धी रक्कम अन्य अंतिम स्पर्धकांत वाटून दिली, याचा प्रत्येक मराठी माणसाला अभिमान वाटला. पण पुरस्कारविजेता एखादाच असतो. ज्या व्यवस्थेला चांगली शाळा चालविण्यासाठी दर ठिकाणी असामान्य माणूस लागतो ती व्यवस्थाच नव्हे. सामान्य प्रामाणिक माणसाच्या हातून चांगले काम होईल अशी घडी बसविणे, हेच शासनाचे कार्य.

तशी घडी बसवावयाची तर गोव्यासारखे सोयीचे राज्य दुसरे नाही. राज्य लहान, अंतरे कमी, पंचायती सजग. पाच-सहा शेजारच्या प्राथमिक शाळांचे एक संकुल करून त्याला एक पूर्णवेळ मुख्याध्यापक द्यावा. त्याची निवड केवळ सेवाज्येष्ठतेने होऊ नये. त्याने शिकविलेले पाहून, त्याच्या सहकाऱ्यांना विचारून ती व्हावी, आणि किमान पाच वर्षे त्याची बदली होऊ नये. संकुलाला एक कारकून मिळावा, म्हणजे कागदांचा भार शिक्षकांच्या डोक्यावरून उतरेल. दिल्लीत सरकारी शाळांना इमारत व स्वच्छतेची व्यवस्था पाहणारे व्यवस्थापक नेमून प्राचार्यांना मोकळे केले गेले, तो अनुभव समोर आहेच. संगीत, चित्रकला, खेळ आणि इंग्रजी शिकविणारे फिरते शिक्षक संकुलाचे असावेत. इंग्रजी हा एक विषय म्हणून आपल्या शाळांत उत्तम शिकविला जातो, असे पालकांना दिसले तर माध्यमासाठी मुलाला दूर धाडण्याचे अर्धे कारण नाहीसे होईल. बाई रजेवर गेल्या तर त्या दिवशी संकुलातून दुसरा शिक्षक यावा. कुलूप लागता कामा नये. एवढा एकच भरवसा पाळला गेला, तरी गेलेली मुले परतू लागतील अशी आमची खात्री आहे.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी ही समिती ठरावावर सह्या करण्यापुरती जमते. संकुलाच्या खर्चातील ठरावीक वाटा ह्या समितीच्या हाती दिला, आणि शाळेच्या वार्षिक कामाचा हिशेब मुख्याध्यापकाने ग्रामसभेत मांडावा असा नियम केला, तर तांदळाची मूठ देणाऱ्या जुन्या गोमंतकाचे शाळेशी असलेले नाते पुन्हा जागे होईल.

खर्चाचा आक्षेप येईल. वीस मुलांसाठी दोन शिक्षक कशाला, असे विचारले जाईल. आक्षेप सर्वस्वी गैर नाही. ज्या वाड्यावर मुलेच उरली नाहीत तेथे शाळा चालू ठेवावी असा हट्ट आम्ही धरणार नाही. तीन मुलांना खेळगडी मिळत नाहीत आणि गटात शिकण्याचा आनंदही मिळत नाही. परंतु शाळा बंद करण्यापूर्वी तिला दोन शिक्षक, संकुलाचा मुख्याध्यापक व सलग तीन वर्षांची संधी मिळाली होती काय, हे शासनाने लेखी सांगावे. संधी देऊनही पट वाढला नाही तर पालकांच्या संमतीने निर्णय घ्यावा. संधी न देता घेतलेला निर्णय हा काटकसरीचा नसून अंगचोरीचा ठरेल. आणि काटकसरीचा हिशेब मांडावयाचाच, तर शाळा सुटलेल्या मुलीच्या आयुष्याची किंमत त्यात कोणत्या रकान्यात धरली आहे, तेही सांगावे.

आमच्या भाषाप्रेमी मित्रांनाही दोन शब्द सांगणे भाग आहे. मोर्चे व सभा यांनी शाळा वाचविता येतात; पण त्या भरविता येत नाहीत. मराठीच्या शाळेसाठी भांडणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या गावातील शाळेच्या समितीवर काम केले, किती जणांनी तिच्या ग्रंथालयाला पुस्तके दिली, किती निवृत्त शिक्षकांनी आठवड्यातील एक दुपार तेथे घालविली, याचा विचार प्रत्येकाने स्वतःशी करावा. मातृभाषेचे शिक्षण ही चळवळ व्हावयाची असेल तर ती वाड्यावरच्या त्या एका खोलीत व्हावी लागेल.

येत्या जूनपूर्वी शासनाने निदान एका तालुक्यात, पुरेशा तयारीने, असे एक संकुल उभे करून दाखवावे. भाषणात त्याला नावीन्य म्हणता येणार नाही, कारण कल्पना १९६६ ची आहे. परंतु साठ वर्षे पडून राहिलेले चांगले काम अखेर केले, याचे श्रेय कोणत्याही नव्या घोषणेहून मोठे असेल. ते श्रेय घेण्यास शिक्षणखाते तयार आहे काय, याची आम्ही वाट पाहू, आणि पुढील जूनला हाच प्रश्न पुन्हा विचारू.